दरडोई खर्च : डोकी कुठली, पैसा कुठला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या सदरात दोन पत्रं वाचली. पहिलं ठाण्याच्या वाचकाचं. महाराष्ट्र दिल्लीला पोतंभर कर देतो, परत मूठभर मिळतो, आपल्या पैशावर बिहार जगतो, असा सूर. दुसरं आमच्या अमरावतीच्या वाचकाचं. पश्चिम महाराष्ट्राने विदर्भाचा पैसा पळवला, असा. दोघांनीही ‘दरडोई’ हा शब्द छातीठोकपणे वापरला आणि दोघांनीही हिशेब मांडला नाही. माझी सगळी हयात हिशेबात गेली, म्हणून राहवलं नाही. पत्र लांबलं आहे. कात्री लावायचीच तर माझ्या गप्पांना लावा, आकड्यांना नको.

माझी ओळख एवढीच, की १९८२ साली लेखा लिपिक म्हणून कोषागारात लागलो आणि २०१६ साली उपकोषागार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. मधली वर्षं अकोला, वाशीम, तीन वर्षं गडचिरोली जिल्हा आणि दोन वर्षं मुंबई. सरकारचा पैसा ज्या तोटीतून पडतो त्या तोटीशेजारी मी ३४ वर्षं बसलो. धरण किती भरलंय ते तिथून दिसत नाही. बादली कोणाची आणि ती किती भरली, ते मात्र दिसतं.

आधी ठाणेकरांचा हिशेब, कारण तो सोपा आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या वर्षांसाठी केंद्राच्या वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना दिले. त्या हिश्श्यातल्या दर १०० रुपयांत महाराष्ट्राला ६ रुपये ३२ पैसे, बिहारला १० रुपये ६ पैसे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची माणसं ११ कोटी २४ लाख आणि बिहारची १० कोटी ४१ लाख. भागाकार केला की मराठी माणसामागे १ रुपया येतो तिथे बिहारी माणसामागे सुमारे १ रुपया ७० पैसे जातात. तेव्हा तक्रार खोटी नाही.

पण हाच भागाकार गोव्याचा करून बघा. गोव्याला शंभरात फक्त ३९ पैसे. माणसं १४ लाख ५९ हजार. दर गोवेकरामागे ४ रुपये ७० पैसे पडतात! दरडोई उत्पन्नात देशात पहिल्या ओळीत बसणारा गोवा बिहारच्या अडीचपटीहून जास्त नेतो आणि त्याबद्दल ठाण्याहून कोणी पत्र लिहीत नाही. अरुणाचल प्रदेशाचा आकडा तर महाराष्ट्राच्या बावीस पटींच्या वर जातो. यात चोरी कोणाचीच नाही. त्या आयोगाच्या वाटपाच्या सूत्रात उत्पन्नातल्या दरीला ४५ टक्के वजन होतं, ते बिहारच्या कामी आलं. क्षेत्रफळाला १५ टक्के होतं, आणि राज्य कितीही चिमुकलं असलं तरी त्या निकषात त्याचा वाटा किमान २ टक्के धरला. गोव्याचं बरंचसं माप तिथेच भरलं. लोक थोडे असले म्हणून विधानसभा अर्धी बांधता येत नाही, एवढाच त्यामागचा विचार.

राहिला प्रश्न ‘आमचा कर’ या शब्दांचा. आयुर्विमा महामंडळाचं मुख्य कार्यालय मुंबईत. रिसोडच्या शिक्षकाने तीस वर्षं भरलेल्या हप्त्यांवर महामंडळाने जो नफा कमावला त्याचा आयकर मुंबईच्या खात्यात जमा दिसतो. बँकांचं तेच, मोठ्या कंपन्यांचं तेच. कर जिथे भरला गेला तो गाव कर देणारा, असं मानलं तर मुंबई निम्म्या देशाची पोशिंदी ठरणारच. मुंबई कमावत नाही असं मी म्हणत नाही. तिथल्या लोकलमध्ये दोन वर्षं लोंबकळलोय, तिथली माणसं किती राबतात ते पाहिलंय. पण चलन कुठे फाडलं आणि पैसा कुठे कमावला गेला, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हे लक्षात ठेवा, कारण खर्चाच्या बाजूला याचंच उलटं रूप पुढे येणार आहे.

आता अमरावतीकर. त्यांनी जो युक्तिवाद केला तो नेमका बिहारचा आहे: आम्ही मागे पडलो, म्हणून आम्हाला जास्त द्या. मी त्यांच्याच बाजूचा. पण मग दिल्लीत बिहारने तेच म्हटलं तर आपण नाक मुरडायचं नाही.

विदर्भाला दिलेला शब्द काय होता ते नव्या पिढीला ठाऊक नसतं. २८ सप्टेंबर १९५३चा नागपूर करार. त्यात म्हटलं होतं की पैशाचं वाटप त्या त्या भागाच्या लोकसंख्येच्या प्रमाणात होईल, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष दिलं जाईल आणि याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल. म्हणजे साध्या मराठीत दरडोई समान खर्च, वर वार्षिक हिशेब. तीन वर्षांनी राज्यघटनेत ३७१(२) कलम आलं आणि त्यात भाषा बदलली. तिथे लोकसंख्येच्या प्रमाणाचा उल्लेख नाही, समन्यायी वाटपाचा आहे, आणि तोही संपूर्ण राज्याच्या गरजा लक्षात घेऊन. समान आणि समन्यायी यांच्यामधल्या फटीत आमची साठ-सत्तर वर्षं गेली. आमचे एक जुने साहेब म्हणायचे, करारात तोंडी बोली असते आणि घटनेत वकिली. ते स्वतः वकिलाचे चिरंजीव होते.

राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीचा अहवाल १९८४ साली आला. तेव्हा मी नोकरीत दोन वर्षांचा. ‘अनुशेष’ हा शब्द आमच्या कार्यालयात त्याच वर्षी शिरला. हेडक्लार्कने लगेच व्याख्या केली: अनुशेष म्हणजे बाकी, आणि बाकी म्हणजे जिच्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा स्मरणपत्र लिहायचं ती.

विनोद सोडा, पण अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी जे केलं ते फार डोकेबाज होतं. कुठल्या भागात किती रुपये खर्च झाले हे त्यांनी मोजलंच नाही. किती रस्ता आहे, किती ओलित आहे, किती पंपांना वीज आहे, किती खाटा आहेत, हे जिल्हावार मोजलं. राज्याची सरासरी काढली. जो जिल्हा सरासरीच्या खाली, त्याला सरासरीवर आणायला किती पैसे लागतील तो त्याचा अनुशेष. सगळ्याची बेरीज ३,१८६ कोटी ७८ लाख. त्यात विदर्भ १,२४६ कोटी, मराठवाडा ७५० कोटी. आणि अमरावतीच्या पत्रलेखकांनी हे जरूर वाचावं: उरलेल्या महाराष्ट्राचा १,१८९ कोटी, म्हणजे शंभरातले ३७. ज्यांनी पळवला असं आपण म्हणतो त्यांच्यातलेही कितीतरी जिल्हे उपाशीच होते.

पुढे विदर्भ, मराठवाडा आणि उरलेला महाराष्ट्र यांच्यासाठी वैधानिक विकास मंडळं झाली, १९९४ साली. मग निर्देशांक आणि अनुशेष समिती बसली. तिने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष काढला तो १४,००६ कोटी ७७ लाख. किंमती वाढल्या होत्या, मोजणीची पद्धतही तंतोतंत तीच नव्हती, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून फार नाचू नये. पण वाटा बघा. विदर्भ ३९ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांवर, मराठवाडा साडेतेवीसवरून साडेअठ्ठावीसवर, उरलेला महाराष्ट्र ३७वरून २४वर. दहा वर्षांत कोण सरासरीच्या जवळ सरकलं आणि कोण मागे राहिलं, ते यावरून कळतं. आणि हे दहा वर्षं आपण रोज ‘अनुशेष, अनुशेष’ म्हणत असताना झालं.

का झालं? इथे मला तोटीशेजारचा अनुभव सांगायचा आहे.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात जो आकडा असतो ती तरतूद. तरतुदीतून जे सोडलं जातं ते वितरण. वितरणातून कोषागारात देयक येऊन जे जातं तो खर्च. भाषणात ऐकू येते ती नेहमी तरतूद. माझ्या एका तालुक्याच्या ठिकाणी (नाव सांगत नाही, सगळीकडे तेच) वर्षाचे अकरा महिने दिवसाला दहा-बारा देयकं यायची. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात संगणकावर निधी दिसू लागायचा आणि ३१ तारखेला रात्री अकराला देखील टोकनसाठी खिडकीपुढे रांग. आहरण अधिकारी (म्हणजे खात्याची देयकं सादर करून पैसे काढणारे) घामाघूम, आमचे आक्षेप लिहून लिहून पेन संपलेले, चहावाला पोरगा रात्री दोनपर्यंत जागा. त्या पोराने मला एकदा विचारलं होतं, “काहून जी सायेब, सरकारले पैसा मार्चातच भेटते काय?” मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

मार्चात आलेल्या पैशातून तलाव खोदता येत नाही. निविदा, कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिका, मग देयक. याला सहा-आठ महिने हवेत. तेव्हा दोनच वाटा उरतात. एक, पैसा समर्पित करा, म्हणजे तो मुंबईला परत. दुसरी, तो काढून वैयक्तिक लेजर खात्यात टाकून ठेवा. कागदावर खर्च झाला, प्रत्यक्षात खात्यात झोपला. असा पैसा अडकून पडण्यावर महालेखापरीक्षकांच्या अहवालांत किती वेळा ताशेरे आले याची मोजदाद नाही. आणि जिथे यंत्रणा मजबूत, अभियंत्यांच्या जागा भरलेल्या, कामांचे नकाशे आधीपासून कपाटात तयार, त्या जिल्ह्यात तोच मार्चातला पैसा आठ दिवसांत जिरतो. परत गेलेला पैसा कोणाकडे वळतो ते मग सांगायला नको. मुद्दाम पळवायची गरजच पडत नाही. उतार असला की पाणी जातं.

जागा भरलेल्या असण्यावरून आठवलं. सरकारच्या खर्चातला मोठा वाटा पगार, निवृत्तिवेतन आणि व्याजाचा. यांना आता ‘अनिवार्य खर्च’ म्हणतात. अनुशेषाची सगळी भांडणं उरलेल्या कार्यक्रम-खर्चावर होतात. पण खरा फरक मी पगाराच्या देयकांत पाहिला. गडचिरोलीत असताना एका ग्रामीण रुग्णालयाचं दरमहा पगार-देयक माझ्याकडे यायचं. मंजूर पदं एका पानभर, पगार निघायचा निम्म्यांचा. हातातल्या कॅल्क्युलेटरवर सहज केलं तरी कळायचं की सरकारने या तालुक्याला दरडोई कमी दिलं. कुठल्याही मंत्र्याने तसा निर्णय घेतला नव्हता. डॉक्टर आला नाही, म्हणून पैसा आला नाही. न भरलेल्या जागेचा वाचलेला पगार हा मागास तालुक्याने राज्याला दरवर्षी दिलेला कर आहे असं माझं मत. तो कुठल्याच अनुशेषात धरला जात नाही.

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. गडचिरोलीत जो कर्मचारी जातो त्याला ‘एकस्तर’ मिळतो, म्हणजे वरच्या पदाची वेतनश्रेणी, शिवाय प्रोत्साहन भत्ता. पोलिसांचा खर्च आणखी वेगळा. तिथे जो काही खर्च होतो त्यातल्या रुपयाला बारा आण्यांचंच काम मिळतं. भूगोलही बघा. पुणे जिल्हा १५,६४३ चौरस किलोमीटर, माणसं ९४ लाख. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटर, माणसं पावणेअकरा लाखांच्या आत. जवळपास तेवढीच जमीन, नवव्या हिश्श्याची माणसं. पुण्याइतका रस्ता द्यायचा तर गडचिरोलीला दरडोई नऊपट पैसा लागेल, आणि पुण्याइतका दरडोई पैसा दिला तर रस्ता नवव्या हिश्श्याचा होईल. भामरागड तालुक्यात चाळीस हजारसुद्धा माणसं नाहीत. पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संबंध तुटतो. मी असताना एका पावसाळ्यात तिथल्या शाळांची देयकं अकरा दिवस उशिरा आली, कारण ती आणणारा शिपाई पलीकडच्या काठावर अडकला होता. तिथे पूल बांधायचा तर चाळीस हजार माणसांवर त्याची किंमत भागून दरडोई आकडा काढायचा? तसा काढला तर भामरागड महाराष्ट्रातला सर्वात लाडका तालुका ठरेल.

दरडोई हा भागाकार आहे. वरचा आकडा कसा फसवतो ते थोडं पाहिलं, आणखी एक गंमत सांगून खाली उतरतो.

मुंबईत मी अधिदान व लेखा कार्यालयात, म्हणजे मुंबईच्या कोषागारात, होतो. तिथून जाणारी देयकं पाहून पहिले दोन महिने माझे डोळेच विस्फारलेले. सबंध राज्यासाठी एकगठ्ठा खरेदी झाली, की देयक मुंबईत. औषधं जातील वाशीमला, मेळघाटला, नंदुरबारला. खर्च दिसेल मुंबईत. उलट, मंत्रालयातल्या माणसाचा पगार मुंबईचा खर्च मानायचा की सगळ्या राज्याचा? तो काम तर सगळ्यांचं करतो, निदान तशी समजूत आहे. माझंच निवृत्तिवेतन घ्या. नोकरी केली विदर्भात, राहतो वाशीमला, तेव्हा ते इथल्या कोषागारातून निघतं. माझे एक सहकारी आयुष्यभर इथेच होते, निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला गेले आणि पेन्शन तिकडे वळवून घेतली. सरकारचा दरमहा तेवढा खर्च वाशीमातून उठून पुण्यात बसला. हे एकाचं झालं. शहरात मुलांकडे गेलेले असे किती, ते तुमच्या इमारतीतल्या बाकावर बसून मोजा.

मुंबई महापालिकेचा २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा. २०११च्या लोकसंख्येने भागला तर माणशी सुमारे ६० हजार रुपये. हा पैसा बहुतांशी मुंबईने स्वतः उभा केलेला आहे हे मान्य. जकात गेल्यावर २०१७पासून राज्याकडून येणारी भरपाई वगळून. पण पाण्याची तोटी, शाळा, दवाखाना ही कामं जिथे महापालिका करते तिथे राज्याच्या तिजोरीवरचा भार हलका होतो. आमच्याकडे ग्रामपंचायतीला घरपट्टीतून दिवाबत्तीचं बिल भरणं मुश्कील. म्हणून नुसता राज्याचा खर्च दरडोई काढून ‘बघा, मुंबईपेक्षा वाशीमला जास्त’ असं कोणी दाखवलं तर ते खरं असूनही खोटं असेल.

आता खालचा आकडा, डोकी. माझी मोठी बहीण बीड जिल्ह्यात दिलेली. आमचे भाऊजी जिल्हा परिषदेचे शिक्षक, २०११च्या जनगणनेला प्रगणक होते. ती मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी. बीडकडच्या माणसाला तारीख सांगितली की तो हसतो. फेब्रुवारीत ऊसतोड भरात. भाऊजी आपल्या गटातल्या वस्तीवर गेले तर घराघरांना कुलपं, ओट्यावर एखादी म्हातारी आणि तिच्या गळ्यात पडलेली दोन नातवंडं. नियम असा, की मोजणीच्या सबंध काळात जो घरी नाही त्याला त्या घरात धरायचं नाही. तो जिथे असेल तिथे मोजला जाईल. म्हणजे ती कुटुंबं कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, मोजली गेली, मोजायला कोणी कोपीपर्यंत गेलं असेल तर. म्हातारी भाऊजींना म्हणाली, “मास्तर, पाडव्यानंतर या की, सगळे असत्यात.” पण मोजणीची तारीख देशासाठी ठरलेली. डोकी बीडमध्ये कमी लागली, म्हणून बीडचा दरडोई खर्च फुगला. साखरपट्ट्यात डोकी वाढली, म्हणून तिकडचा घसरला. आणि सहा महिन्यांनी तीच माणसं आजारी पडली ती बीडच्या दवाखान्यात, रेशनला उभी राहिली ती बीडच्या दुकानात. बरं, हा १५ वर्षांपूर्वीचाच आकडा आपण आजही वापरतोय, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. वर मी जे भागाकार केले तेही त्याच शिळ्या भाजकाने, हे कबूल करतो.

वाशीमचं दुखणं आणखी निराळं. १ जुलै १९९८ला आमचा जिल्हा झाला. तोवर आम्ही अकोल्याच्या सरासरीत. दांडेकरांनी घटक जिल्हा धरला होता, तेव्हा अकोला शहराजवळचे रस्ते आणि मानोऱ्याकडचे खड्डे मिळून एकच आकडा. सरासरीच्या पांघरुणाखाली आमचे पाय उघडे राहिले ते कोणाला दिसले नाहीत. २०१८ साली केंद्राने आम्हाला गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादच्या पंगतीत बसवलं, ‘आकांक्षित जिल्हा’ म्हणून. मागास म्हणायचं बंद झालं. नाव छान आहे. पाहुण्यांना सांगताना बरं वाटतं.

२०१३ साली विजय केळकरांच्या समितीने याच प्रादेशिक असमतोलावर अहवाल दिला. तालुका हा घटक धरण्याच्या विचाराला आमच्याकडे विरोध झाला. कारण उघड आहे: मग साताऱ्याचा माण आणि सांगलीचा जतही वाटेकरी होणार. माझं मत इथे विदर्भातल्या मित्रांना आवडणार नाही, पण होऊ द्या वाटेकरी. जतच्या बाईचा हंडा आणि मालेगावच्या बाईचा हंडा (नाशिकचं नव्हे, आमच्या वाशीमचं मालेगाव) सारखाच जड असतो. नागपूरच्या मिहान प्रकल्पाकडे बोट दाखवून ‘विदर्भाला मिळालं’ म्हणणारे आणि बारामतीकडे बोट दाखवून ‘पश्चिम महाराष्ट्राला मिळालं’ म्हणणारे, दोघं एकच चूक करतात.

आणि पैसा मिळाला म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. गोसीखुर्द प्रकल्प सुरू करताना अंदाज ३७२ कोटींचा होता. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. पुढे तो राष्ट्रीय प्रकल्प झाला आणि सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या वर गेली. दरडोई खर्चाच्या तक्त्यात पूर्व विदर्भ या एका ओळीने उजळून निघतो. ज्याच्या शेताला पाणी पोचायचं होतं त्याचा मुलगा आज शेती सोडून चाळिशीत आहे. खर्च झाला हे खरंच आहे. माझ्यासारख्यांनी टोकन देऊन, आक्षेप पुरे करून घेऊनच ती देयकं दिली असणार.

मग मागायचं काय? वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली. ती परत आणावीत असा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२२मध्ये घेतला. मंडळं असावीत, माझा विरोध नाही. पण १९९४ ते २०२० मंडळं होती, निधीवाटपाबाबत राज्यपालांचे निर्देश होते, आणि सिंचनाच्या अनुशेषात अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा हे चार जिल्हे वर्षानुवर्षं तसेच उभे होते. मला मंडळापेक्षा एक कागद हवा आहे.

तो कागद नागपूर करारातच कबूल केलेला आहे. दरवर्षी हिवाळी अधिवेशनात, नागपुरातच, तालुकावार एक तक्ता ठेवा. रकाने पाच. तरतूद किती. प्रत्यक्ष खर्च किती, आणि त्यातला ३१ मार्चला लेजर खात्यात टाकलेला किती. मंजूर पदं किती, भरलेली किती, न दिलेला पगार किती. खर्च तालुक्यात झाला की तालुक्यासाठी मुंबई-पुण्यात झाला. आणि शेवटी तालुक्यातल्या माणसांची संख्या, दोन वेळची: एकदा फेब्रुवारीतली, एकदा पाडव्यानंतरची. कोषागाराचं सगळं काम आता संगणकावर आहे. प्रत्येक देयकाला आहरण अधिकाऱ्याचा सांकेतांक असतो, लेखाशीर्ष असतं. पहिले तीन रकाने तर एखादा हुशार लिपिक आठवडाभरात काढून देईल. मी अजूनही काढून देईन, चष्मा बदलावा लागेल एवढंच.

खरं सांगायचं तर मी सुरुवात केली आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यापुरता असा तक्ता करायला घेतला. तरतूद अर्थसंकल्पाच्या पुस्तकांतून आणि जिल्हा नियोजनाच्या पुस्तिकेतून मिळाली, पण ती जिल्ह्याची; तालुक्याला तोडताना तीन खात्यांनी सांगितलं की आमच्याकडे तशी फोड नसते. पदांची माहिती माहितीच्या अधिकारात मागितली. एका कार्यालयाने मंजूर पदं कळवली आणि भरलेल्यांच्या पुढे ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे’ असं लिहिलं. त्याला आता नऊ महिने झाले. त्या कार्यालयाचा दोष देत नाही, कारण तिथे चौकशीला गेलो तर माहिती संकलित करणाऱ्या लिपिकाचीच जागा रिकामी होती.

आपला,
एक निवृत्त उपकोषागार अधिकारी,
वाशीम